वाट वाकडी कोणी करायची? (इयत्ता आठवी ते दहावीसाठी नागरिकशास्त्राचा एक पाठ)



'हक्क आणि कर्तव्ये' हा भाग आपण दरवर्षी शिकवतो. मुलं व्याख्या पाठ करतात, पेपरात लिहितात, त्यांना मार्कही पडतात. पण एखाद्या मुलाला विचारून बघा, "तुझा एखादा हक्क उद्या कुणी काढून घ्यायला आलं, तर तू नेमका कुठे जाशील? कधी जाशील? आणि तिथे काय बोलशील?" बहुतेक वेळा वर्ग शांत होतो. हक्क म्हणजे काय ते मुलांना माहीत असतं. तो वापरायचा कसा, हे आपण शिकवलेलं नसतं.

म्हणून या पाठासाठी एक साधा, अगदी पायाखालचा विषय घेतला आहे. शेतातून जाणारी एक सार्वजनिक पायवाट, आणि त्याच शेतात येऊ घातलेली नवी घरं. वाट हलवायची का? कुठे हलवायची? आणि हे ठरवणार कोण?

उदाहरण इंग्लंडमधलं आहे. तिथलं सगळं चांगलं आणि आपलं वाईट, असा त्यामागे अर्थ नाही. तिथे चालणाऱ्याचा हक्क सरकारी नकाशावर रेघ मारून नोंदवलेला आहे आणि ती रेघ हलवण्याच्या पायऱ्या कायद्यात एकेक करून लिहिलेल्या आहेत. त्यामुळे मुलांना सगळी प्रक्रिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवता येते. पाठाला तीन तासिका लागतात. साहित्य फारसं नाही. आलेखाचा कागद, पट्टी आणि दोन रंगांच्या पेन्सिली पुरतात.

१. सुरुवात शब्दापासून

फळ्यावर 'फुटपाथ' हा शब्द लिहा आणि मुलांना चित्र काढायला सांगा. सगळी मुलं रस्त्याकडेची फरशी घातलेली पट्टी काढतील, कारण मराठीत आपण त्यालाच फुटपाथ म्हणतो. इंग्लंडमध्ये मात्र त्या पट्टीला 'पेव्हमेंट' म्हणतात. तिथल्या कायद्यात 'फुटपाथ' म्हणजे ज्या वाटेवरून कुणालाही पायी जाण्याचा हक्क आहे ती वाट. ती कुरणातून जाते, गव्हाच्या शेतातून जाते, कुणाच्या कोठाराच्या मागून जाते, चर्चच्या भिंतीला लागूनही जाते. खरं तर तिला आपला 'पायवाट' हा शब्द जास्त शोभतो. या लेखात पुढे तोच वापरला आहे.

आता मुलांना एक गोष्ट सांगा, जी ऐकून ती हमखास प्रश्न विचारतात. शेत शेतकऱ्याचं, मालकी त्याचीच, सातबाऱ्यासारखी नोंदही त्याच्याच नावावर. पण त्या शेतातून जाण्याचा हक्क मात्र सर्वांचा! मालकाला ती वाट अडवता येत नाही. तिच्यावर नांगर फिरवला तर ठरलेल्या मुदतीत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. कुंपण घातलं तर पलीकडे जायला फाटक किंवा चढून जायची लाकडी पायरी ठेवावी लागते. खांबांवर पिवळा बाण दिसला की समजायचं, ही पायी जाण्याच्या हक्काची वाट आहे.

इथे मुलांकडून दोन शब्द वेगळे करून घ्या. *हक्काची वाट* आणि *मेहेरबानीची वाट*. इंग्लंडमध्येही दुसरा प्रकार आहेच. मालक म्हणतो, "जा माझ्या जमिनीतून, माझी हरकत नाही." पण ती त्याची परवानगी असते आणि परवानगी देणारा ती काढूनही घेऊ शकतो. हक्काच्या वाटेचं तसं नाही. ती बंद करायची किंवा वळवायची तर कायद्याच्या दारातूनच जावं लागतं. बराच काळ कुणी वापरली नाही म्हणूनही ती आपोआप संपत नाही.

२. हा हक्क आला कुठून?

हा भाग लवकर आटपा, पण वगळू नका. हक्क आभाळातून पडत नाहीत, हे मुलांना कळायला हवं.

या वाटा मुळात लोकांच्या रोजच्या कामातून पडल्या. शेतावर जायला, गिरणीवर दळायला, बाजाराला, चर्चला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सामाईक जमिनींना कुंपणं पडली आणि बऱ्याच वाटा गेल्या. १८१५ च्या एका कायद्याने तर दोन न्यायदंडाधिकाऱ्यांना 'अनावश्यक' वाटलेली वाट बंद करण्याचा अधिकार दिला. आता मुलांना विचारा, त्या काळात गावातले न्यायदंडाधिकारी कोण असायचे? बहुतेक जमीनदारच. म्हणजे ज्याची जमीन, त्याच्याच मित्रांच्या हातात निर्णय. मँचेस्टरजवळच्या फ्लिक्स्टन गावात असंच एका जमीनदाराच्या जमिनीतली वाट बंद झाली. त्यावरून लोक पेटून उठले आणि १८२६ मध्ये मँचेस्टरमध्ये जुन्या पायवाटा वाचवण्यासाठी एक संस्था उभी राहिली.

पुढचे तीन टप्पे फळ्यावर लिहा.

* १९३२: २४ एप्रिलला शेकडो तरुण, त्यांत बरेच कामगार, डर्बीशरमधल्या किंडर स्काउट या खासगी माळावर ठरवून चढले. त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. माळावर मोकळं फिरण्याचा हक्क त्यांना हवा होता. तो आपल्या पायवाटेच्या हक्कापेक्षा वेगळा आहे, पण दोन्हींमागची माणसं सारखीच.
* १९४९: राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेशाचा कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्याच्या कौन्सिलने आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा तयार करायचा, असं ठरलं. त्या नकाशावर वाट आहे म्हणजे ती आहेच. पुरावा म्हणून तेवढं पुरतं.
* १९८०: महामार्ग कायद्यात वीस वर्षांचा नियम आहे. लोक एखाद्या वाटेने सलग वीस वर्षं, न विचारता, न लपता, हक्काने चालत आले, तर ती सार्वजनिक झाली असं मानलं जातं. मात्र वाट सार्वजनिक करण्याचा आपला इरादा नव्हता, हे मालकाने दाखवून दिलं तर नाही.

आज इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदलेल्या अशा वाटांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरते. त्यात घोडेस्वारांच्या वाटाही आल्या. पृथ्वीला विषुववृत्तावरून साडेपाच फेऱ्या होतील इतकी ही लांबी आहे. हा हिशोब मुलांनाच करू द्या.

३. घरं बांधायची आहेत. आता काय?

इथून पाठाचा गाभा सुरू होतो.

घरांची गरज खोटी नाही, हे आधीच स्पष्ट करा. इंग्लंडमध्ये तरुण जोडप्यांना घर घेणं अवघड झालं आहे, भाडी चढी आहेत. 'बिल्डर वाईट, वाट चांगली' असा सोपा निकाल मुलांच्या हाती दिला तर पाठ तिथेच संपतो. दोन्ही बाजूंना खरी गरज आहे, म्हणूनच हा प्रश्न शिकवण्याजोगा आहे.

कायदा काय म्हणतो ते चार मुद्द्यांत सांगता येतं.

पहिला: परवानग्या दोन आहेत. घरं बांधायची परवानगी वेगळी आणि वाट हलवायची परवानगी वेगळी. पहिली मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं होत नाही. आराखडा मंजूर झाला आणि बिल्डरने दुसऱ्या दिवशी वाटेवर पत्रे ठोकले, तर तो कायदा मोडतो. काम चालू असताना लोकांच्या सुरक्षेसाठी वाट काही दिवस बंद ठेवायची असेल, तर त्यासाठीही वेगळा तात्पुरता आदेश लागतो.

दुसरा: 'गरजेचे' हा शब्द. १९९० च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याचं कलम २५७ सांगतं की मंजूर झालेलं बांधकाम करता यावं यासाठी वाट वळवणं किंवा बंद करणं *गरजेचं* असेल, तरच नियोजन प्राधिकरण तसा आदेश काढू शकतं. गरजेचं आणि सोयीचं यात फरक आहे. मंजूर आराखड्यात वाटेच्या जागेवरच घर येत असेल तर वळवणं गरजेचं आहे. पण "घरामागून लोक जातात ते गिऱ्हाइकांना आवडत नाही" एवढंच कारण असेल, तर ती सोय झाली, गरज नव्हे.

तिसरा: आदेश निघाला म्हणजे संपलं नाही. प्राधिकरण आधी आदेश *काढतं*. मग त्याची नोटीस स्थानिक वर्तमानपत्रात येते आणि वाटेच्या दोन्ही टोकांना नकाशासह लावली जाते. हरकत घ्यायला किमान २८ दिवस मिळतात. हरकत कुणीही घेऊ शकतं, त्यासाठी त्याच गावात राहायलाच हवं असं नाही. कुणी हरकत घेतली नाही, तर प्राधिकरण स्वतःच आदेश *कायम* करतं. हरकत आली आणि मागे घेतली गेली नाही, तर आदेश कायम करण्याचा अधिकार त्याच्याकडे राहत नाही. प्रकरण सरकारने नेमलेल्या स्वतंत्र निरीक्षकाकडे जातं. तो कागदावरून, सुनावणी घेऊन किंवा जाहीर चौकशी करून निर्णय देतो. १८१५ चे दोन न्यायदंडाधिकारी आठवा आणि मुलांना फरक विचारा.

चौथा: गरज सिद्ध झाली तरी तोटा मोजावा लागतो. 'वॅसिलिऊ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात रस्ता बंद झाल्यामुळे एका उपाहारगृहाकडे येणारं जाणारं गिऱ्हाईक तुटणार होतं. रस्ता बंद केल्याने ज्यांचे हक्क जातात त्यांचं नुकसानही विचारात घ्यायलाच हवं, असं अपील न्यायालयाने सांगितलं. पायवाटांच्या प्रकरणांतही तेच तत्त्व लावलं जातं. शिवाय सरकारी मार्गदर्शनात असं म्हटलं आहे की वळवलेली वाट शक्यतो वसाहतीच्या मोटाररस्त्याच्या कडेने नेऊ नये, मोकळ्या हिरव्या जागेतून, गाड्यांपासून दूर न्यावी.

४. बोलायची वेळ कोणती?

या पाठात मुलांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही.

वर पाहिलं की 'गरज' मंजूर आराखड्यावरून ठरते. म्हणजे एकदा आराखड्यात वाटेवर घर क्रमांक १२ बसलं आणि आराखडा मंजूर झाला, की वाट हलवणं बहुतेक वेळा 'गरजेचं' ठरूनच जातं. त्यानंतर वाटेच्या आदेशावर सुनावणी होते तेव्हा कुणी उठून म्हणालं, "इथे घरंच नकोत," तर निरीक्षक सांगतो की तो प्रश्न आधीच सुटला आहे, आज फक्त वाटेबद्दल बोला. लोक चिडतात. त्यांना वाटतं की आपलं ऐकलंच जात नाही. प्रत्यक्षात ऐकायचं दार आधी उघडं होतं, ते आता बंद झालेलं असतं.

दार पहिलं म्हणजे आराखडा मंजूर होण्यापूर्वीचं. तिथे म्हणता येतं, "घरं बांधा, पण वाट मध्ये ठेवून बांधा." नकाशा अजून पेन्सिलीचा असतो.
दार दुसरं म्हणजे वाटेच्या आदेशाच्या वेळचं. तिथे म्हणता येतं, "नवी वाट लांब आहे, अंधारी आहे, चिखलाची आहे, गाड्यांच्या कडेने आहे." नकाशा शाईचा झालेला असतो, पण वाटेची रेघ अजून थोडीफार हलवता येते.

बहुतेक माणसं दुसऱ्या दारावर येऊन पहिल्या दाराचं भाषण करतात. मुलांना हे नुसतं सांगून समजत नाही. ते त्यांना करून बघावं लागतं, म्हणून पुढचा उपक्रम आहे.

५. उपक्रम: चाळीस घरं आणि एक वाट

हे शेत आणि हे आकडे आपण पाठासाठी कल्पिलेले आहेत, हे मुलांना सांगून ठेवा.

आलेखाच्या कागदावर २०० मीटर लांब आणि १५० मीटर रुंद असं आयताकृती शेत काढा. डाव्या खालच्या कोपऱ्यात गाव, उजव्या वरच्या कोपऱ्यात शाळा. जुनी वाट कोपऱ्यातून कोपऱ्यात, तिरकी. तिची लांबी किती? पायथागोरस मुलांना भेटलेला आहेच. २५० मीटर.

बिल्डरकडे तीन आराखडे आहेत:

* अ: जुनी वाट तशीच ठेवायची. ३४ घरं बसतात. वाट २५० मीटर.
* आ: वाट शेताच्या दोन कडांनी, नव्या मोटाररस्त्याच्या फुटपाथवरून. ४० घरं बसतात. वाट २०० अधिक १५०, म्हणजे ३५० मीटर.
* इ: वाट खालच्या कडेने १२० मीटर, मग तिथून हिरव्या पट्ट्यातून तिरकी शाळेपर्यंत. ३८ घरं बसतात. तिरक्या भागाच्या बाजू ८० आणि १५०, म्हणून कर्ण १७०. एकूण २९० मीटर.

गणिताच्या शिक्षकांना सोबत घेतलंत तर उत्तम. आता विचारा, आराखडा 'आ' मध्ये चालणाऱ्याला किती फटका बसतो? एका खेपेला १०० मीटर. कुणीतरी मुलगा नक्की म्हणेल, "सर, शंभर मीटर म्हणजे दीड मिनिट! त्यासाठी एवढं भांडण?" त्याला गप्प करू नका, त्याचा मुद्दा बरोबर आहे. ताशी चार किलोमीटरने चाललं तर दीडच मिनिट होतं. मग पुढे विचारा, शाळेत रोज जाणं-येणं, वर्षाला २०० दिवस, तर एका मुलाचं किती चालणं वाढलं? ४० किलोमीटर. काठी टेकत ताशी दोन किलोमीटरने जाणाऱ्या आजोबांना एका खेपेला किती मिनिटं जास्त? तीन. आणि सगळा तोटा मीटरमध्ये मोजता येतो का? पूर्वी वाटेत झाडं होती, आता शेजारून गाड्या. उलट बाजूही काढून घ्या. पूर्वी पावसात घोटाभर चिखल होता, आता फरशी आहे, दिवे आहेत, बाबागाडी जाते. काहींसाठी 'आ' खरोखरच चांगला आहे.

बिल्डरच्या बाजूनेही तेवढंच मोजा. 'अ' मध्ये सहा घरं कमी होतात. सहा घरं म्हणजे सहा कुटुंबं. ती कुठे जातील?

भूमिका वाटून द्या: बिल्डर, जमीन विकणारा शेतकरी, रोज चालणारे आजोबा, बाबागाडी ढकलणारी आई, शाळेतली मुलगी, घर शोधणारं तरुण जोडपं, चाकाच्या खुर्चीवरून जाणारी व्यक्ती, पायवाटा जपणाऱ्या संस्थेचा कार्यकर्ता. तीन मुलं नियोजन समिती आणि एक मूल निरीक्षक.

फेरी पहिली (दुसरी तासिका): आराखडा. समितीसमोर 'अ', 'आ', 'इ' तिन्ही नकाशे आहेत. प्रत्येकाला दोन मिनिटं. घरं हवीत की नकोत, किती हवीत, वाट कुठे हवी, सगळं बोलायला मुभा. समिती एक आराखडा निवडते आणि नकाशावर शाईने रेघ मारते.

एक युक्ती करा. या फेरीला चार-पाच भूमिकांच्या मुलांना मुद्दाम बोलावू नका. त्यांना सांगा, "नोटीस लागली होती, पण तुम्ही वाचली नाहीत." ती मुलं मागच्या बाकावर बसून नुसती बघतील. समितीने 'अ' निवडला, तर वाट हलतच नाही. मग दुसऱ्या फेरीसाठी 'आ' मंजूर झाला आहे असं धरून चाला.

फेरी दुसरी (तिसरी तासिका): वाटेचा आदेश. आता सगळ्यांना बोलवा. निरीक्षकाला एक नियम द्या. घरं किती किंवा घरं नकोत, असं कुणी बोललं की त्याने शांतपणे म्हणायचं, "तो निर्णय झाला आहे. वाटेबद्दल बोला." मागच्या वेळी बाहेर राहिलेली मुलं नेमकं तेच बोलायला जातात आणि अडतात. त्यांच्या चेहऱ्यावरची चडफड बघण्यासारखी असते. मग हळूहळू कुणाला तरी सुचतं, "ठीक आहे, वाट वळवा. पण नवी वाट दोन मीटर रुंद पाहिजे, दिवे पाहिजेत आणि ती तयार होईपर्यंत जुनी बंद करायची नाही." हे वाक्य आलं की तुमचा पाठ पोचला. अशा अटी खऱ्या आदेशांतही घातल्या जातात.

६. निर्णय लिहून घेणे

फेरी संपल्यावर प्रत्येक मुलाने निरीक्षक म्हणून पानभर निर्णय लिहावा. मतदान घेऊ नका. मतदानात मुलं मित्राच्या बाजूने हात वर करतात. लिहिताना कारण द्यावं लागतं. निर्णयात चार प्रश्नांची उत्तरं हवीत:

* मंजूर बांधकामासाठी वाट हलवणं गरजेचं आहे की नुसतं सोयीचं?
* कुणाचा काय तोटा होतो? कुणाचा काय फायदा?
* तोटा कमी करायला कोणती अट घालता येईल?
* ज्याच्या विरोधात निर्णय गेला, त्याला मी काय सांगेन?

तपासताना चौथ्या उत्तराला जास्त वजन द्या. आपल्या बाजूने बोलणं सगळ्यांना जमतं. हरलेल्याला पटेल असं नाही, पण समजेल असं उत्तर देणं अवघड आहे. निर्णय कोणता दिला यावर मार्क देऊ नका. 'अ' लिहिणाऱ्याला आणि 'आ' लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळू शकतात, कारणं नीट असली की झालं.

७. आपल्याकडे हे कसं जोडायचं?

मुलं विचारतीलच, "सर, आपल्याकडे असं आहे का?" आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, पण दोन-तीन धागे सरळ जोडता येतात.

'वहिवाट' हा शब्द फळ्यावर लिहा. वाट त्यातच आहे! चालत आलेल्या वापरातून हक्क तयार होतो, ही कल्पना आपल्या भाषेला नवी नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही वीस वर्षांचा नियम आहे. फरक एवढाच की तिथे मुख्यतः एका जमिनीच्या मालकाला शेजारच्या जमिनीतून जाण्याच्या हक्काचा विचार आहे, वाटेवरून जाणाऱ्या कुणाचाही नाही. गावच्या नकाशात तुटक रेषांनी दाखवलेले जुने मार्ग आहेत. बांधावरून जाण्याच्या रस्त्याचा वाद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे जातो. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बघा, इथेही वेळ आलीच.

शहरातल्या शाळांना विकास आराखड्याचं उदाहरण जवळचं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि ठरलेल्या मुदतीत 'हरकती व सूचना' मागवल्या जातात. वर्तमानपत्रातली ती बारीक अक्षरातली जाहिरात मुलांना कापून आणायला सांगा. तेच आपलं पहिलं दार.

८. पालकांसाठी

घरी करायला एक सोपं काम. मुलाला घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढू द्या, हाताने, मोबाइल न बघता. मग दोन रंग वापरा. जिथून जाण्याचा आपला हक्क आहे तो भाग हिरवा. जिथून कुणाच्या तरी मर्जीने जातो तो लाल. शेजारच्या सोसायटीचं मागचं गेट, रिकाम्या प्लॉटमधून पडलेली वाट, शेतातला बांध. लाल भाग उद्या बंद झाला तर किती वळसा पडेल, ते पावलांनी मोजून या. यासाठी मुलासोबत चालावं लागेल. अर्धा तास जाईल, पण मूल आपला परिसर पहिल्यांदाच नीट बघेल.

एक विनंती. मुलाने "बाबा, मग हे कुणाला विचारायचं?" असं म्हटलं, तर "आपल्याला काय करायचंय" असं उत्तर देऊ नका. माहीत नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात सोबत जाऊन विचारा.

स्वाध्याय

१. हक्काची वाट आणि मेहेरबानीची वाट यांतील फरक उदाहरणासह लिहा.
२. घर बांधायची परवानगी मिळाली तरी वाट का अडवता येत नाही?
३. 'गरजेचे' आणि 'सोयीचे' यांचं प्रत्येकी एक उदाहरण तुमच्या शाळेतून द्या.
४. आराखडा 'इ' मध्ये एका विद्यार्थ्याचं वर्षाला (२०० दिवस, रोज दोन खेपा) जुन्या वाटेपेक्षा किती चालणं वाढेल? (उत्तर: १६ किलोमीटर)
५. तुम्ही पहिल्या फेरीला हजर नव्हता. दुसऱ्या फेरीत बोलण्यासाठी तीन मुद्दे लिहा. त्यांपैकी एकही 'घरं नकोत' असा नसावा.
६. 'वाट' हा शब्द असलेले पाच वाक्प्रचार शोधा. त्यांतला 'वाट वाकडी करणे' हा वाक्प्रचार या पाठातल्या एका प्रसंगासाठी वाक्यात वापरा.

पाचवा प्रश्न गृहपाठाला देऊ नका, वर्गातच सोडवून घ्या. घरी मोठी माणसं मुलांना उत्तर सांगतात, आणि मोठ्यांचं उत्तर बहुतेक वेळा "घरं नकोत" हेच असतं.